बायकांच्या गटानं पहिली पायी वारी: दिंडी ठरवण्यापासून परतीच्या एसटीपर्यंत

वारीला जायचं ठरलं की आपण आधी बुटांची चौकशी करतो आणि घरचे "एवढं चालणं झेपेल का?" म्हणून विचारतात. पण पहिल्या वारीत बायकांचे हाल होतात ते चालण्यापायी कमी आणि बाकीच्या गोष्टींपायी जास्त. पहाटे आंघोळ कुठे करायची, लघवीला कुठे जायचं, रात्री कोणाशेजारी झोपायचं आणि चुकामूक झाली तर कुठे जाऊन थांबायचं, या चार प्रश्नांची उत्तरं घर सोडण्याआधी हातात असतील तर सत्तरीतल्या आज्याही आळंदीहून पंढरपूरला सुखरूप पोचतात. नसतील तर रोज व्यायाम करणारी तिशीतली मुलगीसुद्धा तिसऱ्या दिवशी परतीची गाडी शोधायला लागते.

पुढचं सगळं लिहिलंय ते आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत आठ-दहा ते पंधरा जणींचा गट घेऊन जाणाऱ्यांसाठी. देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर जाणार असाल तर गावं बदलतील, तयारी तीच राहील.

आधी तिथी, मग रजा

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. तुकोबांची त्याच्या आदल्या दिवशी, सप्तमीला, देहूहून. दोन्ही आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात शिरतात. इंग्रजी तारखा दरवर्षी हलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून रजा टाकू नका. २०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती थेट २५ जुलैला गेली. पालखी सोहळ्याचं वेळापत्रक काही आठवडे आधी जाहीर होतं, ते हातात आल्यावरच गाडीची तिकिटं काढा.

पूर्ण वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. मुक्कामांचा क्रम असा: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री असतात. लोणंदचा मुक्काम तिथीच्या वृद्धी-क्षयाप्रमाणे कमी-जास्त होतो. म्हणजे धरून चाला, अठरा ते वीस दिवस.

एवढी रजा सगळ्यांना मिळत नाही, आणि गटातल्या निम्म्या जणी पूर्ण चालणार, निम्म्या मध्येच सुटणार, असं झालं की गट विस्कटतो. तेव्हा सगळ्यांना जमेल असा एकच टप्पा ठरवा. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाला मी जेजुरी ते फलटण सुचवेन. पुणे-सासवडमधला दिवे घाट मागे पडलेला असतो, नीरेच्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना होणारं स्नान बघायला मिळतं, तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथं वाटेतलं पहिलं उभं रिंगण (वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावतो ते) होतं आणि लोणंद ते तरडगाव अंतरही कमी आहे. शेवटचा टप्पा, म्हणजे वेळापूर ते पंढरपूर, भावनेच्या दृष्टीनं फार मोठा. पण तिथं सगळ्या पालख्या जवळ येत जातात आणि गर्दी दर मुक्कामाला वाढते. नवख्या गटानं सुरुवात तिथून करू नये.

फक्त एक दिवस चालायचं असेल तर आळंदी-पुणे घ्या. पुणे-सासवड हा दिवस पुष्कळ जणी "घाट बघायचा म्हणून" निवडतात. तो सबंध वाटेवरचा सगळ्यात लांब दिवस, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात चढ. भरीला तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो, म्हणजे उपास. साबुदाण्याच्या चार घासांवर दिवे घाट चढायचा बेत असेल तर शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा, खजूर, केळी जवळ हवीतच. मधुमेह असलेल्यांनी त्या दिवशी उपास धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिंडी कशी निवडायची

गट करून स्वतंत्र चालू नका. वारी दिंडीनं चालते. दिंडीला विणेकरी असतो, मृदंग आणि टाळकरी असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याची घागर घेतलेल्या बायका असतात, आणि मागे सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, स्वयंपाकी, तंबू असा संसार असतो. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या सगळ्या रथामागे. प्रत्येक नोंदणीकृत दिंडीला क्रमांक असतो. "रथामागे अमुक नंबर" हा वारीभर तुमचा पत्ता. नाव सांगून दिंडी सापडेलच असं नाही, नंबर सांगून सापडते.

ओळखीतून दिंडी मिळते हे खरं, तरी फक्त ओळखीवर जाऊ नका. वारीच्या दोन-तीन महिने आधी दिंडीप्रमुखांना भेटा, शक्यतो समोरासमोर, आणि गटातल्या दोघी तरी जा. दिंडी किती जुनी आहे, महाराज कोण आहेत हे सगळे विचारतात. तुम्ही पुढचं विचारा.

बायकांच्या आंघोळीला आडोसा कसला असतो? ताडपत्रीची न्हाणी रोज बांधतात की टँकरच्या बाजूला साडी धरून उरकायचं? दिंडीची स्वतःची शौचालयं आहेत का, आणि असतील तर बायकांची वेगळी आहेत का? बायकांचे तंबू वेगळे की एकाच मोठ्या मंडपात मध्ये पडदा? दिंडीत एकूण माणसं किती आणि त्यात बायका किती? रात्री राखणीला कोण असतं? कोणी आजारी पडली तर तिच्याबरोबर कोण थांबतं, ट्रकमध्ये बसायला जागा मिळते का? जबाबदारी घेणारी एखादी अनुभवी बाई दिंडीत आहे का?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या दिंडीत अशी एखादी मावशी असते, जी पहाटे तीनला उठून आधी नव्या बायकांची आंघोळ मार्गी लावते आणि पंगतीत कोण आली नाही हे बघते, तिथं बाकीच्या उणिवा सहन होतात. तिच्याशी आधी फोनवर तरी बोलून घ्या. दिंडीप्रमुख "सगळं होतं, काळजी करू नका" म्हणतात ते मनापासूनच म्हणतात. पण बायकांची सोय बायकांनाच विचारावी.

जेवणाखाण्याची आणि मुक्कामाची जी रक्कम दिंडीला द्यायची तिला भिशी म्हणतात. ती दिंडीगणिक बदलते. त्यात काय काय येतं ते विचारा: दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, गादी, परतीची गाडी. काही दिंड्या थोड्या दिवसांसाठी माणसं घेत नाहीत, काही पूर्ण भिशी घेतात. पावती मागायला संकोच करू नका.

गटाची बांधणी

पंधरापेक्षा जास्त जणी असतील तर दोन गट करा. प्रत्येक गटाला एक प्रमुख हवी, आणि ती शक्यतो आधी वारी केलेली असावी. तिचं काम उत्साह वाढवण्याचं नाही. तिनं माणसं मोजायची, वेळा पाळायच्या आणि दिंडीशी बोलायचं. दुसरी एक जण कायम सगळ्यांच्या शेवटी चालेल. तिच्या मागे गटातली कोणीही राहता कामा नये. ही जागा रोज बदलली तरी चालेल, पण रिकामी ठेवायची नाही.

बाकीच्यांच्या जोड्या लावा. मैत्रिणी-मैत्रिणींच्या लावू नका, चालीच्या लावा. हळू चालणारीबरोबर हळू चालणारी. जोडीदारणीला सांगितल्याशिवाय रांग सोडायची नाही, अगदी चहा घ्यायलासुद्धा. जोड्या असल्या की मोजणं सोपं होतं आणि रात्री शौचाला जाताना कोणाला उठवायचं हा प्रश्न उरत नाही.

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. लाखो माणसं एका रस्त्यावर आली की रेंज जाते, फोन लागत नाहीत आणि संध्याकाळी पाठवलेला निरोप पहाटे पोचतो. त्याऐवजी रोज सकाळी निघताना दोन ठिकाणं ठरवा: दुपारच्या विसाव्याला कुठे भेटायचं आणि मुक्कामावर दिंडीचा तंबू कुठल्या बाजूला आहे. ट्रकचा नंबर प्रत्येकीला पाठ हवा. गळ्यात ओळखपत्र ठेवा, त्यावर नाव, दिंडीचा क्रमांक, गटप्रमुखीचा आणि घरचा फोन, रक्तगट, चालू असलेली औषधं. कार्ड प्लॅस्टिकमध्ये घाला, नाहीतर पहिल्याच पावसात शाई जाईल. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही किंवा वय झालंय त्यांच्याकडे तर ते असायलाच हवं, कारण वारीत चुकणाऱ्यांमध्ये म्हाताऱ्या बायका खूप असतात. सापडल्यावर त्यांना गावाचं नाव सांगता येतं, दिंडीचा नंबर सांगता येत नाही. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८ आणि महिला मदतवाहिनीला १०९१ हे नंबर कार्डाच्या मागे लिहून टाका.

दोन महिने आधी

रोज चाला, डांबरी रस्त्यावर चाला, आणि ज्या चपला-बुटांत वारी करणार त्यातच चाला. पहिल्या आठवड्यात तीन-चार किलोमीटर पुरे. दर आठवड्याला थोडं वाढवत शेवटी बारा-पंधरापर्यंत या. एखादा रविवार पंधरा किलोमीटर चालून सोमवारी विश्रांती घेतलीत तर अंदाज येत नाही. वारीत रोज उठून चालायचं असतं. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस लांब चाला. दुसऱ्या दिवशी काय दुखतं ते कळणं हाच त्या सरावाचा उपयोग.

चालण्याइतकाच सराव जमिनीवर बसण्या-उठण्याचा लागतो. पंगत जमिनीवर, झोप जमिनीवर, शौचालय उकिडवं बसायचं. ज्यांना घरी कमोडची आणि खुर्चीची सवय आहे त्यांचे गुडघे आधी याला विरोध करतात, चालण्याला नंतर.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर तपासा. आपल्याकडे कितीतरी बायका अंगात रक्त कमी असताना धाप म्हणजे वयाचा परिणाम समजून चालत राहतात. दोन महिने हातात असतील तर ते सुधारता येतं. रोजची औषधं वारीच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीची घ्या आणि निम्मी स्वतःजवळ, निम्मी जोडीदारणीजवळ ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर ते ट्रकमध्ये टाकू नका, बंद ट्रक भयंकर तापतो. साखरेवरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दिवसभर चालण्याच्या दिवसांत मात्रा बदलायची का हेही तेव्हाच विचारून घ्यावं. खिशात ग्लुकोज किंवा खडीसाखर हवी. अचानक घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी ती तोंडात टाकायची, मग बाकीचं.

आणि हरिपाठ आधी थोडा म्हणून बघा. छोटी पोथी जवळ असली तरी चालतं. टाळ ऐकत नुसतं चालणं आणि त्यांच्याबरोबर म्हणत चालणं यांत पायांना जाणवेल इतका फरक आहे.

ट्रकातलं आणि अंगावरचं

ट्रक सकाळी सामान घेऊन दुसऱ्या वाटेनं पुढे निघून जातो. तो संध्याकाळपर्यंत दिसत नाही, कधीकधी रात्रीपर्यंत. दिवसभरात जे लागेल ते अंगावरच हवं.

ट्रकात जाते वळकटी आणि एक पिशवी. वळकटीत ताडपत्रीचा तुकडा, सतरंजी, पातळ पांघरूण. पिशवीत कपड्यांचे तीन जोड, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. वळकटीवर ऑइलपेंटनं नाव आणि दिंडी क्रमांक घाला आणि सगळ्या गटानं एकाच रंगाची चिंधी बांधा. अंधारात शंभर वळकट्यांतून आपली शोधायची असते.

अंगावर पाठीवरची हलकी पिशवी: पाण्याची लीटरभराची बाटली, ओआरएसची दोन पाकिटं, औषधं, चिकटपट्टी, रेनकोट किंवा इरलं, टोपी, जास्तीचे मोजे, पॅड, कागदी साबण, टॉर्च, शिट्टी, सुका खाऊ. तीन किलोच्या वर वजन जाऊ देऊ नका. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्याला लागते आणि वाऱ्यात टिकत नाही, पण आडोशाला फार उपयोगी पडते. म्हणून गटात दोन छत्र्या असाव्यात.

कपडे सुती किंवा पटकन वाळणारे. नऊवारी नेसून आयुष्यभर काम केलेल्या बायका त्यातच सुखानं चालतात. ज्यांना सवय नाही त्यांनी वारीपुरती नेसू नये, पंजाबी ड्रेस घालावा. पाचवारीचा ओला काठ पोटऱ्यांना घासून कातडी निघते. मांड्या घासतात त्यांनी आत गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घालावी आणि निघताना व्हॅसलीन लावावं. याबद्दल कोणी मोकळेपणानं सांगत नाही आणि मग तिसऱ्या दिवशी बाई फेंगडी चालायला लागते.

सोनं घरी ठेवा. सगळं, मंगळसूत्रसुद्धा. काळ्या मण्यांची साधी पोत घाला. गर्दीत साखळी खेचणाऱ्या टोळ्या दरवर्षी असतात आणि त्यांत बायकाही असतात. पैसे लहान नोटांत, निम्मे कमरेच्या बटव्यात.

दिवस कसा जातो

पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, नाहीतर आणली जाते. बायकांनी आंघोळ पुरुषांच्या आधी उरकलेली बरी. अंधार असतो, टँकर भरलेला असतो, रांग लहान असते. त्यासाठी रात्री झोपतानाच सकाळचे कपडे उशाशी हवेत. ओले कपडे पिळून पिशवीत घाला, दुपारच्या विसाव्याला झाडाखाली पसरा.

पालखी निघण्याआधी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला आवराआवर संपवायची, दुसऱ्याला दिंडीत आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. नव्या गटानं पहिल्या कर्ण्यालाच तयार असावं.

दिंडीची शिस्त साधी आहे. ओळीत चालायचं, पुढच्या-मागच्या दिंडीत घुसायचं नाही, विणेकऱ्याच्या पुढे जायचं नाही, ओळ तोडून फोटो काढायचे नाहीत. अभंगांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे "हे म्हणा, ते म्हणा" अशी फर्माईश करू नये. कोणी "माउली" म्हणून पाया पडलं तर आपणही वाकायचं, समोरचा लहान असो की मोठा. विसाव्याला फुगड्या रंगतात. मनसोक्त घाला, पण गुडघे दुखत असतील तर टाळ्या वाजवून साथ द्या, पुढे चालायचं आहे.

वाटेत गावोगाव लोक प्रेमानं खाऊ घालतात. हात जोडून थोडं घ्या. उघड्यावरची कापलेली फळं, सरबत, बर्फ यांना मात्र नम्रपणे नाही म्हणा. गरम भाकरी, पिठलं, खिचडी यांनी पोट बिघडत नाही. जुलाब लागलेच तर ओआरएसचं एक पाकीट एक लीटर पाण्यात पूर्ण घाला. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून पिऊ नका, प्रमाण चुकतं.

मुक्कामी तळावर समाजआरती होते. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. तिथंच हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, उद्या निघायची वेळ सांगितली जाते. गटातून दोघींनी तरी तिथं जावं.

पाणी आणि लघवी

वारीत बायका आजारी पडण्याचं मोठं कारण हे आहे, म्हणून इथं थोडी थांबते.

जायला जागा नाही म्हणून बाई पाणी पीत नाही. दुपारी डोकं दुखतं, संध्याकाळी चक्कर येते, दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते आणि चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप. त्याला सगळे "उन्हाचा त्रास" म्हणतात. पाणी कमी करणं हा उपाय नाही, जायच्या जागा वाढवणं हा उपाय आहे.

गटानं दिवसाचे थांबे ठरवून घ्यावेत. निघण्याआधी एकदा, सकाळच्या विसाव्याला, जेवणाआधी, दुपारी मध्ये, आणि मुक्कामाला पोचल्या पोचल्या. लागो न लागो, सगळ्यांनी जायचं. विसाव्याच्या जागेवर रांग लागते म्हणून दोघीतिघींनी दिंडीला सांगून अर्धा तास आधी पुढे निघावं. निर्मल वारीच्या उपक्रमातून मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी राहतात आणि त्यानं बायकांची वारी खरोखर बदलली. ती दुपारी पालखी पोचायच्या सुमाराला सगळ्यात स्वच्छ असतात. रात्री उशिरा पाणी संपतं. शाळा, मंगल कार्यालय, पेट्रोलपंप इथं विचारायचं. आणि घरांत विचारायला लाजू नका. वाटेवरच्या गावांतल्या बायका "या ताई, आत या" म्हणून स्वतः बोलावतात. अंगणात आधी पाय धुवा आणि निघताना पाण्याची बादली भरून ठेवा, तुमच्यामागून शंभर जणी येणार असतात.

उघड्यावर जायची वेळ आलीच तर चौघींनी जा, दोघींनी छत्र्या किंवा ओढणी धरायची. उभ्यानं लघवी करता येईल असं कागदी किंवा सिलिकॉनचं नरसाळं औषधांच्या दुकानात मिळतं. गुडघे वाकत नाहीत त्यांना ते वरदान आहे, पण घरी न्हाणीघरात चार वेळा वापरून बघा. उभ्या पिकात आणि विहिरीजवळ बसू नका. जून-जुलै म्हणजे पेरणीचे दिवस, ते शेत कोणाचं तरी वर्षभराचं पोट आहे.

पाणी दिंडीच्या टँकरचं किंवा सरकारी टँकरचंच घ्या आणि दर अर्ध्या तासानं चार घोट प्या. जळजळ किंवा ताप जाणवला की त्याच दिवशी आरोग्य पथकाकडे जा. ती वाटेवर जागोजाग असतात आणि औषध मोफत मिळतं.

पाळी आली तर

चालायचं. माझं उत्तर एवढंच आहे. वाटेनं चालायला, नाम घ्यायला पाळीची आडकाठी नाही. संत सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगांतून विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न केला होता, आणि ज्या परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा उभ्या आहेत तिथं बाईनं चार दिवस ट्रकच्या सावलीत बसून काढावेत हे मला पटत नाही. तरी दिंडीगणिक रीत वेगळी असते. काही ठिकाणी तुळस किंवा वीणा हाती घेऊ नका म्हणतात, काही ठिकाणी कोणी विचारतही नाही. त्या मावशीला आधीच विचारून घ्या, म्हणजे वाटेत मन दुखत नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, यकृताचा आजार असलेल्या, अर्धशिशीचा जुना त्रास असलेल्या बायकांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. घ्यायच्याच असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून, आणि पाळीच्या अपेक्षित तारखेआधी काही दिवस सुरू कराव्या लागतात हे लक्षात ठेवा. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर आधीच्या दोन पाळ्यांत घरी सवय करा. वारीत पहिल्यांदा वापरायचं धाडस नको, हात धुवायला पाणीसुद्धा मोजकंच असतं. पॅड कागदात गुंडाळून जवळच्या पिशवीत ठेवा आणि मुक्कामाच्या कचरापेटीत टाका. राज्य महिला आयोगाच्या आरोग्यवारी उपक्रमात २०२२ पासून वाटेवर पॅडची आणि त्यांच्या विल्हेवाटीची सोय, आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष सुरू झाले. ती सोय कुठे आहे ते मुक्कामावर पोचल्यावर विचारा.

पाय

दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून पादत्राण अर्ध्या ते एका नंबरानं मोठं घ्या. सराव केलेले स्पोर्ट्स शूज आणि मागे पट्टा असलेली सँडल, दोन्ही न्या. पावसात सँडल, कोरड्यात बूट. ओले मोजे पायात ठेवून चालू नका. कुठे चुरचुरलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका. फोड आलाच आणि तो फुटलेला नसेल तर झाकून ठेवा, कातडी ओढून काढू नका. सुईनं फोडातून दोरा ओवून तसाच ठेवायची जुनी रीत दिसते. त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते, तेव्हा ते टाळा. मधुमेहींनी रोज रात्री टॉर्चच्या उजेडात दोन्ही तळवे जोडीदारणीकडून तपासून घ्यावेत, कारण त्यांना दुखलेलं कळतंच असं नाही.

रात्र

गटानं एकाच तंबूत, एका रांगेत झोपावं. तरुण मुली मध्ये, दारापाशी आणि कडेला जाणत्या बायका. पावसाची चिन्हं असतील तर झोपण्याआधी तंबूभोवती चर खणलाय का बघा, नसेल तर दिंडीतल्या माणसांना सांगा. काळ्या रानात पाणी साचलं की अर्ध्या तासात अंथरुणं भिजतात. जनरेटरच्या वायरी ओल्या जमिनीवरून गेलेल्या असतात, त्यांवरून कपडे वाळत घालू नका आणि त्यांना हात लावू नका. चपला तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला, विंचू-काट्याची भीती खरी आहे. ट्रकच्या खाली किंवा चाकाजवळ कोणीही, कितीही ऊन-पाऊस असो, झोपायचं नाही.

कोणी नको इतकं जवळ आलं, स्पर्श केला, तर "वारीत कशाला बोला" म्हणून गप्प बसू नका. मोठ्यानं बोला. आजूबाजूचे वारकरी तुमच्या बाजूनं उभे राहतात. मग दिंडीप्रमुखांना आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगा.

पंढरपूर आणि परत

वाखरी ते पंढरपूर अंतर थोडं, पण त्याला अख्खी दुपार लागते. इथं हात धरूनच चाला. मुक्कामाची जागा मठात किंवा धर्मशाळेत दिंडीनं आधीच धरलेली असते, ती कुठल्या भागात आहे हे वाखरीलाच विचारून ठेवा. चंद्रभागेत पाणी किती सोडलंय त्यावर खोली बदलते, म्हणून काठाशीच, एकमेकींना धरून, आणि दोघींना सामानापाशी ठेवून स्नान करा.

आषाढीच्या आधी देवाचा पलंग निघतो, म्हणजे निजायचा पलंग काढून ठेवतात, आणि दर्शन चोवीस तास चालू राहतं, तरी एकादशीला पदस्पर्शाची रांग कितीतरी तासांची असते. चालून आलेल्या पायांनी तिथं उभं राहायचं का, हे प्रत्येकीनं आपल्या तब्येतीकडे बघून ठरवावं. गटानं कोणावर जोर करू नये. मुखदर्शन घेऊन, नामदेव पायरीवर आणि चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवून कळसाला हात जोडले तरी वारी पूर्ण होते. पूर्वापार असंख्य वारकऱ्यांनी ती तशीच केली आहे.

परतीचं ठरवताना एकादशीची संध्याकाळ टाळा. द्वादशीला सकाळी उपास सोडून निघालात तर गर्दी जरा सुसह्य असते. एसटीच्या जादा गाड्या वेगवेगळ्या तात्पुरत्या स्थानकांवरून सुटतात, आपल्या गावची कुठून ते आदल्या दिवशी एकीनं जाऊन बघून यावं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पुरी केलेल्यांना प्रवास मोफत, त्यासाठी आधारकार्ड हाताशी ठेवा. निघण्याआधी दिंडीची उरलेली भिशी चुकती करा, ट्रकातल्या वळकट्या मोजून उतरवून घ्या, आणि न्हाणी, तंबू, शौचालय यांबद्दल काय चांगलं होतं आणि काय अडलं ते दिंडीप्रमुखांना सांगा. पुढच्या वर्षीच्या ताडपत्र्या आणि तंबूंचा हिशेब ते लवकरच मांडायला बसतात, तेव्हा बायकांची मागणी त्यांच्या वहीत लिहिलेली हवी.